गाडी काकूंच्या नावावर

"मॅडम अंघोळीला गेल्यात. अर्ध्या तासानं करा."

शेलारकाका पार्किंगमध्ये एका पांढऱ्या गाडीला टेकून फोनवर बोलत होते. मी माझ्या स्कूटरची सीट पुसत होते, ती पुसायची थांबले. मॅडम म्हणजे मंगलकाकू, काकांची बायको. आणि काकूंच्या तेराव्याला आमच्या घरातले सगळे जेवून आले होते.

काकांनी फोन खिशात टाकला. मी ऐकलं हे त्यांना कळलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण अजिबात नव्हतं.

"इन्शुरन्सवाली पोरगी हाय," ते म्हणाले. "लय गोड बोलते. पुन्हा करंल, तवा सांगू भाजी आणायला गेली म्हणून."

मी मान हलवली. बहुतेक वेळा मी मानच हलवते.

चिखलीत आमच्या बिल्डिंगमध्ये शेलारकाका तळमजल्यावर राहायचे. एका कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रांवर, आयुष्य काढलेला माणूस. कंपनीने तो विभाग बंद केला तेव्हा मिळालेले पैसे घेऊन घरी बसला, म्हणजे घरी बसला नाही. जुनी गाडी घ्यायची, ती नीट करायची आणि विकायची, हे त्यांनी घरूनच सुरू केलं. बोर्ड नाही, दुकान नाही. एक गाडी त्यांच्या हक्काच्या जागेत आणि दुसरी कंपाउंडबाहेर कडुनिंबाखाली. याला धंदा म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "आवड हाय आपली," म्हणायचे. "कुणाला पत्त्यांची असती, कुणाला कबुतरांची."

मी आकुर्डीला एका सीएच्या ऑफिसात काम करते. नफ्यासाठी घ्यायचं आणि विकायचं हे वर्षानुवर्षं चाललं असेल तर कायदा त्याला आवड मानत नाही, मग ते घरातून का होईना, एवढं मला माहीत होतं. मी हे त्यांना एकदा दबक्या आवाजात सांगितलं होतं. उत्पन्न दाखवावं लागेल, उलाढाल वाढली तर जीएसटीचा नंबर घ्यावा लागेल आणि मग जो फायदा होईल त्यावर कर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि तोटा झाला तर सरकार भरून देतं का?"

"नाही."

"मग बरोबर हाय. धंदाच म्हणायचा."

ते मला 'मुके' म्हणायचे. "काय मुके, आज दोन शब्द बोललीस का ऑफिसात?" दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला राग आला असता. माझी शाळा इंग्रजी. घरात मराठी असूनही मराठी आकडे मला अजून धड येत नाहीत. काका गाडीचा नंबर मराठीत सांगत आणि एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी नाइन की एटी नाइन, याचा मी मनात हिशोब करत उभी राहायचे. ते तोवर थांबत. पुढचा आकडा सांगायची घाई त्यांनी कधी केली नाही.

गाडी बघायची त्यांची एक पद्धत होती. इंजिनाकडे ते शेवटी वळायचे. आधी मागच्या सीटवर जाऊन बसायचे, दार लावून घ्यायचे आणि काही न बोलता तसेच बसून राहायचे. विकणारा बाहेर उभा राहून घड्याळ बघायचा. बाहेर आल्यावर काका त्याला भलतंच काही सांगायचे. "घरात म्हातारं माणूस हाय ना? डाव्या बाजूला बसतं." किंवा "लेकरू गाडीत उलटी करतं तुमचं." माणूस चमकायचा. मला हे जादूसारखं वाटायचं. ते म्हणायचे, जादू कसली, सीट दबलेली असते, वास राहतो, काचेवर बोटं राहतात. "गाडी रिकामी कधीच येत न्हाई. कुणीतरी त्यात बसून ऱ्हायलेलं असतं."

म्हणून नवी आणलेली जुनी गाडी ते पहिल्या दिवशी चारही दारं आणि डिकी उघडी टाकून उन्हात ठेवायचे. दिवसभर. पार्किंगमधून जाणाऱ्याला अंग चोरून जावं लागायचं आणि सोसायटीचे सेक्रेटरी चिडायचे.

"शेलार, दारं लावा की राव! गॅरेज आहे का हे?"

"जरा निघून जाऊ द्या, साहेब."

"कोण निघून जाऊ द्या?"

"आधीचे मालक," काका म्हणायचे, आणि सेक्रेटरी लिफ्टकडे जायचे.

सीटच्या फटीत सापडलेल्या वस्तू ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधीच्या मालकाला परत नेऊन देत. केसांची पिन, अंगाऱ्याची पुडी, लहान मुलाचा एक सँडल. एकदा मी विचारलं, एक सँडल कशाला कुणी परत घेईल? ते म्हणाले, "न घेईना. आपल्याकडं ठेवायचा न्हाई."

काकूंचा या सगळ्यात वाटा होता तो नावाचा. एकाच माणसाच्या नावावर गाड्या येत-जात राहिल्या की आज ना उद्या कुणीतरी विचारणार, म्हणून एक गाडी काकांच्या नावावर, एक काकूंच्या, असं चालायचं. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यांनी आता आरटीओकडे रीतसर डीलर म्हणून नोंदणी करायची असते. तशी केली की गाडी ताब्यात आल्याचं कळवता येतं आणि हे नावांचं लपवाछपवीचं काम लागत नाही. मी त्यांना त्याची माहिती काढून दिली होती. राहत्या घराच्या पत्त्यावर सोसायटी परवानगी देईना, मग ते तिथेच राहिलं.

काकूंना गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. पण नावावर गाडी झाली की त्या माझ्या आईला मोठ्याने सांगायच्या, "आज आणखी एक झाली हो माझी! कंपनीच्या साहेबाला नसतील एवढ्या झाल्या." आणि गाडी विकली जायच्या आदल्या संध्याकाळी दोघं तिच्यातून एक फेरी मारायला जायचे. लांब नाही, आकुर्डी स्टेशनपर्यंत. तिथे भेळ खायची आणि परत. काकू पुढे डाव्या बाजूला, पदर खोचून, पर्स मांडीवर. सासरी निघालेल्या मुलीला सोडायला जावं तसा चेहरा.

गिऱ्हाइकाला मात्र काका पहिल्या भेटीतच दम द्यायचे. गाडी घेतली की चौदा दिवसांत नावावर करायला टाकायची आणि इन्शुरन्सही त्याच चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. गाडी तुमच्याकडे आणि नाव दुसऱ्याचं, अशी चालवायची नाही. कुठे धडक झाली तर कोर्टाचा कागद ज्याचं नाव आहे त्याच्या दारात येतो. तुमच्या स्वतःच्या नुकसानीचे पैसे द्यायला कंपनी नाही म्हणते, कारण पॉलिसीवरचा माणूस वेगळा. हे सगळं सांगून झालं की त्यांचा ठरलेला विनोद यायचा.

"माणूस गेला तर तेरा दिवस. गाडी गेली तर चौदा. सरकारनं गाडीला एक दिवस जास्त दिलाय, बघा."

आतून काकू ओरडायच्या, "अहो, शुभ बोला की गिऱ्हाइकापुढं!"

"खोटं हाय का? तेराव्यापर्यंत माणूस घरात असतंय म्हणतात. मग जाऊ द्यायचं. गाडीचंबी तेच. नाव काढून घ्यायचं, मग ती मोकळी."

काकूंच्या नावावरची शेवटची गाडी राखाडी होती. काकूंना छातीत दुखायला लागलं तेव्हा काकांनी त्यांना त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं, नेहमीप्रमाणे पुढे, डाव्या बाजूला बसवून. परत येताना ते एकटे होते. त्यानंतर ती गाडी उन्हात उभी होती. दारं बंद. काका तिच्याजवळून जाताना दुसरीकडे बघायचे. तेरावं झालं आणि बाबर नावाचा एक माणूस तिला घेऊन गेला. तो चाकणच्या कंपन्यांमध्ये कामगार पुरवायचा. काकांनी त्याला दम दिला नाही, विनोद केला नाही. मी गॅलरीतून बघत होते. त्यांनी किल्ली दिली आणि सरळ घरात गेले.

नाव तसंच राहिलं. मालक वारला तर वारसाने आरटीओला कळवायचं, मृत्यूचा दाखला जोडायचा, आधी वारसाच्या नावावर आणि मग घेणाऱ्याच्या. काकांना हे येत नव्हतं असं नाही. शेजारपाजारच्या कितीतरी जणांची अशी कामं त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून करून दिली होती.

मग एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले, हातात काकूंचा मोबाइल.

"मुके, हे वाच. इंग्रजीत हाय."

टोलचा मेसेज होता. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही काकूंच्या नावाचा आणि नंबरही त्यांचाच. नाशिक रस्त्यावरच्या टोलवर पैसे कापले गेले होते.

"म्हणजे कुठं हाय?"

"राजगुरुनगरच्या जवळ."

"एवढ्या लांब गेली?" ते म्हणाले. आणि हसले. कितीतरी दिवसांनी.

मला वाटलं होतं ते बाबरला फोन करतील, टॅग बंद करायला सांगतील. ते खाली गेले आणि त्यांनी टॅगमध्ये पैसे भरले.

त्यानंतर काकूंचा फोन ओट्यावर मिक्सरशेजारी कायम चार्जिंगला असायचा. मेसेज आला की काका वर यायचे. इंग्रजी मेसेज वाचण्यापुरतं इंग्रजी त्यांना येत होतं हे मला एव्हाना कळलं होतं. आकडे आणि गावांची नावं तर कुणालाही वाचता येतात. पण मी वाचून दाखवायचे. ते दारातच उभे राहून ऐकायचे, चपला न काढता. चाकणला सिग्नल तोडला म्हणून दंडाचा मेसेज आला, सोबत फोटोची लिंक. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. गाडीचा मागचा भाग, नंबर, बाकी अंधूक.

"सिग्नल तोडला? हिनं?" ते म्हणाले. "मला पिवळ्याला पण थांबायला लावायची."

आई आतून बाहेर आली. "भाऊजी, या ना आत. चहा टाकते."

"नको वहिनी, ती..." असं म्हणून ते थांबले. "गाडी कुठं हाय तेवढं बघायला आलो होतो."

एकदा किणीचा टोल आला. मी नकाशात बघून सांगितलं, कोल्हापूरच्या अलीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बिल्डिंगमध्ये घरोघर पेढे वाटले. सेक्रेटरींनी विचारलं, काय विशेष, नवीन गाडी का? काका म्हणाले, "जोतिबाला जायचं ऱ्हायलं होतं हिचं. काल झालं." सेक्रेटरी पेढा हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो खाल्ला. त्या दिवसापासून उघड्या दारांवरून ते काकांना काही बोलले नाहीत, पण तोवर काकांनी नव्या गाड्या आणणंच जवळजवळ बंद केलं होतं.

मला याची भीती वाटायला लागली, पण काकांची नव्हे. मला आता ऑफिसला जाताना राखाडी गाडी दिसली की आधी डावीकडच्या सीटवर कुणी आहे का ते बघायची सवय लागली होती. भोसरीच्या पुलाखाली एकदा दिसलीही. तीच होती की नाही मला माहीत नाही. पुढे डावीकडे कुणी बाई बसल्या होत्या, पर्स मांडीवर. सिग्नल सुटला. मी हे काकांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

मग पॉलिसी संपत आल्याचे मेसेज सुरू झाले, आणि ती गोड बोलणारी मुलगी. मॅडम अंघोळीला, मॅडम भाजीला, मॅडम लेकीकडे. त्याच आठवड्यात कुणालातरी लिफ्टपाशी बोलताना काकांनी ऐकलं की चाकणला चौकात एका राखाडी गाडीने शिफ्ट सुटलेल्या पोरांना उडवलं. चौदा पासिंगची गाडी, म्हणजे आमच्याच भागातली. काका बस पकडून गेले. संध्याकाळी परत आले ते जिन्यातच बसले. मी ऑफिसातून येत होते.

"आपली नव्हती," ते म्हणाले. "दुसरीच होती."

मी शेजारच्या पायरीवर बसले.

"बाबर भेटला. पोरं कोंबून नेतो गं गाडीतून, भाडं घेऊन. म्हटलं नावावर कर. म्हणतो करतो की काका, काकूंची काय घाई हाय." ते आपल्या हातांकडे बघत होते. "पॉलिसी संपली आन् तिनं कुणाला उडवलं, तर? कागद कुणाच्या नावानं येणार?"

"काकूंच्या," मी म्हणाले. "आणि मग वारस म्हणून तुमच्याकडे येतील."

"माझं मरू दे. पोलीस दारात येऊन विचारणार, मंगल शेलार कुठायत? मेल्यावर हिला कोर्टात उभी करू का मी?"

मी त्यांना हळूहळू सांगितलं. दाखला जोडून गाडी आधी तुमच्या नावावर घ्या, मग बाबरच्या. तो ऐकत नसेल तर गाडी परत आणा. भाड्याने चालवत असेल तर खासगी पॉलिसी तशीही कामाची नाही. मी त्यांच्याशी एवढं सलग कधी बोलले नव्हते.

"मग हिच्या फोनवर मेसेज?"

"नवीन मालकाच्या नंबरवर जातील."

ते उठले. "आपण पॉलिसी चालू ठेवू," म्हणाले. "मी पैसे भरतो. पुढचं पुढं बघू."

काका आता इथे राहत नाहीत. मुलीकडे गेले, चिपळूणला. तिथे ते गाड्यांकडे बघतही नाहीत असं ती आईला फोनवर म्हणाली. तळमजल्यावर एक आयटीतलं जोडपं आलं आहे, त्यांची नवी कोरी गाडी त्या जागेत असते. काकूंचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये 'मंगलकाकू' म्हणूनच आहे. मध्यंतरी त्या नावापुढे एका अनोळखी मुलाचा बुलेटवर बसलेला फोटो आला. कंपनीने नंबर दुसऱ्याला दिला असणार. मी तो पुसलेला नाही.

पण पॉलिसी संपायच्या आधीचा तो रविवार सांगायचा राहिला.

दुपारी काकांनी मला खाली बोलावलं. घर लख्ख आवरलेलं होतं. टेबलावर काकूंचा फोन, शेजारी गाडीचे कागद आणि पाण्याचा एक ग्लास, माझ्यासाठी भरून ठेवलेला.

"ती पोरगी आता फोन करणार हाय," काका म्हणाले. "तिचं म्हणणं, बोलणं रेकॉर्ड होतं, म्हणून ज्यांच्या नावावर गाडी त्यांनीच बोलायला पायजे. नाव विचारणार, गाडी तुमच्याकडंच हाय ना विचारणार. तू नुसतं हो म्हण."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"दोनदा हो. बास. तुझा आवाज बारीक हाय. हिचाबी फोनवर बारीकच यायचा."

मला माहीत होतं, गेलेल्या बाईच्या नावाने हो म्हणून घेतलेली पॉलिसी कागदावर दिसते तेवढीच. ज्या दिवशी तिची गरज पडेल त्या दिवशी कंपनी पहिल्यांदा हेच बोलणं लावून ऐकेल. आणि तोवर बाबरची गाडी पोरं भरून चाकणच्या रस्त्याने पळत राहील, सगळं ठीक आहे असं समजून. हे मी सांगायला हवं होतं. पण काकांनी शर्ट बदलला होता. भांग पाडला होता. कुणी यायचं असल्यासारखे ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकून माझ्यापुढे सरकवला.

"नमस्कार, मी मंगल शेलार मॅडमशी बोलतेय का?" मुलीचा आवाज खरंच गोड होता. "मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय. मॅडम? येतोय का आवाज?"

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे ओठ माझ्याआधीच त्या शब्दासाठी उघडले होते. त्या क्षणी मी फक्त 'हो' म्हटलं असतं तर काकू त्या खोलीत आल्या असत्या. काकांना त्या ऐकू आल्या असत्या. मलाही. माझ्या घशात तो आवाज तयार होता, माझा नसलेला.

"हॅलो, मंगल मॅडम आहात का?"

काकांनी डोळे मिटले. ऐकण्यासाठी मिटतात तसे.

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज त्या घरात फार मोठा आला. "मंगल शेलार वारल्या. गाडी आम्ही विकली आहे, पण ती अजून त्यांच्याच नावावर फिरते आहे. त्यांचं नाव काढायला काय करायचं ते सांगा. त्यांचे मिस्टर इथेच बसलेत, ते ऐकतायत."